आईने हात जोडले तेव्हा

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
१२ डिसेंबर २००२

चि. सुदर्शन यास,

प्रभूच्या नावात सलाम. तू पत्राच्या सुरुवातीला चार ओळींचा सलाम लिहितोस, मला एवढ्यावरच भागवू दे. पोरं सुकडी खाऊन घरी गेलीत, मी अंगणवाडीतच बसून लिहिते आहे. घरी बसले की शेजारच्या बायका येतात आणि काय लिहितेस, कुणाला लिहितेस करत बसतात.

इकडे सगळं बरं आहे. कालव्याला पाणी सुटलंय, त्यामुळे कांद्याच्या लागणी एकदम आल्यात आणि रोजाला बाई मिळत नाही. म्हातारी गाय शेवटी विकली. गेणभाऊंच्या टेम्पोत घालून बेल्ह्याच्या बाजारात नेली, एका भल्या माणसानं घेतली. उसात बिबट्या आहे. मागल्या आठवड्यात मळ्यातलं कुत्रं नेलं, तेव्हापासून दिवे लागले की सगळी घरात. आरोहीची सहामाही कशी गेली? तिला म्हणावं आत्यानं शेंगदाण्याचे लाडू करून ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

तुझं पुस्तक मिळालं. दोन्ही प्रती. कागद झकास आहे, अक्षरही मोठं आहे, चष्मा न लावता वाचता येतं. मागच्या पानावरच्या फोटोत तू अगदी आबांसारखा दिसतोस. दारूवरचं प्रकरण वाचताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. नारायणगावच्या स्टँडवर पडलेला असायचास, अंगावर माशा बसायच्या, ते तू काही लपवलं नाहीस. त्याला छाती लागते. फक्त तिथून तुला उचलून, रिक्षात घालून घरी आणायची कोण, ते लिहायचं राहिलं. राहिलं असेल. माणूस किती लिहिणार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठून भांडी घासली. तू विचारलंयस, की नाताळानंतरच्या रविवारी आपल्या प्रार्थनाघरात पुस्तकाचं समर्पण आहे, तर ताई, तू उभी राहून आईची साक्ष देशील का. पुण्याहून पाहुणे येणार, पाळकसाहेब ते प्रकरण मोठ्यानं वाचणार आणि मग मी म्हणायचं की होय, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ते प्रकरण मी तीनदा वाचलं. तू लिहिलंस, "मी आईसाठी डोळे मिटून प्रार्थना करत होतो. डोळे उघडले तेव्हा माझी म्हातारी आई माझ्यासमोर हात जोडून बसली होती. तिच्या गालांवरून आसवं वाहत होती. आयुष्यभर दगडापुढे वाकलेली ती माऊली त्या क्षणी प्रभूच्या चरणी आली."

छान लिहिलंयस. ज्याला ठाऊक नाही तो रडेल.

मला ठाऊक आहे रे. मी चुलीपाशी होते. तव्यावर तिसरा रोडगा होता.

आता जे पुस्तकात नाही ते लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. तू दारूत होतास तेव्हा आईनं खंडोबाला नवस बोलला होता, की माझं पोरगं दारू सोडंल तर चंपाषष्ठीला त्याच्या हातानं तळी उचलीन आणि नैवेद्याचा पहिला घास त्याला माझ्या हातानं भरवीन. तू दारू सोडलीस. तू म्हणतोस प्रभूनं सोडवली. मीही तेच म्हणते, त्यात माझं दुमत नाही. पण आई म्हणायची खंडोबानं सोडवली, आणि तिच्या डोक्यावर तो नवस राहिला. तू बाप्तिस्मा घेतलास त्या वर्षापासून दर चंपाषष्ठीला ती तुझी वाट बघायची आणि दर वर्षी तुला नेमकी त्या दिवशी कंपनीत रजा नसायची.

मागच्या वर्षी आलास. तिचा आजार डॉक्टरांनी सांगितला होता म्हणून आलास. ती तेव्हा भिंत धरून संडासला जायची. त्या दिवशी उठली, नको नको म्हणताना वांगी भाजली, भरीत केलं, बाजरीचं पीठ मळलं. थापायला हातात जोर नव्हता, म्हणून रोडगे मी केले. गेणभाऊ तळीचं ताम्हण घेऊन आले. भंडारा, खोबरं, पानं सगळं होतं. तू म्हणालास मी हात लावणार नाही. आईनं मान डोलावली, बरं म्हणाली. गेणभाऊ बिचारे ताम्हण घेऊन परत गेले.

मग तिनं ताट वाढलं आणि तू म्हणालास, हे मूर्तीला दाखवलेलं आहे, मी खाणार नाही. तेव्हाही ती रागावली नाही. तिनं घास हातात धरला आणि म्हणाली, "येक घास खा, सुदर्शना. मंग देवाचं न् माझं मी बघून घेते."

तू तिथंच उभा राहिलास, डोळे मिटलेस आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केलीस. प्रभू, हिच्या डोळ्यांवरचा पडदा दूर कर, असं काही तरी चाललं होतं. तुझा आवाज चांगला आहे, शेजारीपाजारी दारात आले. आई तुझ्याकडे बघत राहिली. हातातला घास तिनं ताटात ठेवला आणि हात जोडले. खंडोबापुढे नाही आणि प्रभूपुढेही नाही. पोटच्या पोरापुढे जोडले, की बाबा, खा. तू डोळे उघडलेस आणि तुला जे बघायचं होतं ते बघितलंस.

त्या वेळी तुझी चूक झाली हे मी समजू शकते. प्रार्थनेच्या भरात असं होतं, माझंही होतं. पण दुसऱ्या दिवशी आळेफाट्याच्या स्टँडवर मी तुला हे सगळं सांगितलं होतं. एसटीला अर्धा तास होता, उसाचा रस घेतला होता आपण. मी सांगितलं की ती तुझी विनवणी करत होती. तू रस संपवून ग्लास परत दिलास. मग म्हणालास, "ताई, पण तिनं हात जोडले, हे तर खरं ना?" मला तेव्हा वाटलं तू दुःखानं बोलतोस. आता कळलं, तू प्रकरण लिहीत होतास.

तू गेल्यावर आईनं अन्न सोडलं म्हटलं तरी चालेल. पेज दिली तर दोन घोट. तिला मरणाची भीती नव्हती सुदर्शन, तिला तुझी भीती होती. नवस तसाच राहिला तर देव कोपंल आणि त्याला परत दारू लागंल, हेच रात्रंदिवस तोंडात. मी म्हणायची, आई, आता त्याला प्रभू सांभाळतो. ती म्हणायची, तुझा प्रभू चांगलाच असंल बाई, पण बोललेलं मी हाय, फेडायला नको का? याचं उत्तर काय? तूच सांग, तुला तर पाळकांच्या शाळेत दोन वर्षं शिकवलं.

पौषातल्या एका रविवारी तिनं मला विचारलं, की त्याच्या नावानं तू तळी उचलशील का. गेणभाऊंना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, बहीण चालती का म्हणून. ते म्हणाले, चालती, देव काय पोलीस नाय.

मी उचलली. पाच जणांच्या हातात माझेही हात होते. कपाळाला भंडारा लावू दिला. आणि मी नुसता हात लावला, तोंडानं काही म्हटलं नाही, असं सांगितलं असतं तर कदाचित सुटले असते. पण म्हटलं मी. सगळ्यांबरोबर येळकोट म्हटलं, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तुझ्या नावाचा घास तिनं मला भरवला आणि मग स्वतः अर्धा रोडगा दुधात कुस्करून खाल्ला. किती तरी दिवसांनी खाल्ला. आठवडाभरात गेली. शांत गेली. तू आलास, अग्नीला हात लावला नाहीस, लांब बांधावर उभा राहिलास. ते मी मनात धरलं नाही. ज्याचा त्याचा विश्वास.

या सगळ्याची प्रार्थनाघरात कुणी जाऊन चुगली केली नव्हती. मीच उभी राहून साक्ष दिली. मला वाटलं आपली माणसं आहेत. संपत गेले तेव्हा मी या लोकांकडे कशी आले, आठवतं का तुला? पुस्तक वाचून नाही आले आणि भाषण ऐकूनही नाही. ट्रॅक्टरखाली नवरा गेला, सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून हाकलली, इथं दार लावून बसले होते. तेव्हा त्या बयाबाई आणि आणखी दोघी आल्या. अंगण झाडलं, पाणी भरलं, माझं डोकं धुतलं, भाकरी थापली आणि माझ्याबरोबर बसून खाल्ली. महिनाभर येत होत्या. कृपा कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. तेच मी आईसाठी केलं असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

पाळकसाहेब आणि वडील मंडळी बसली आणि ठरलं, की रत्नाबाईंनी मूर्तिपूजा केली, पश्चात्ताप दिसेपर्यंत प्रभुभोजनात बसायचं नाही. निर्णय वाचून कुणी दाखवला? त्या रविवारी गावी येऊन तू दाखवलास. आवाज चांगला आहे म्हणून तुला सांगितलं असेल.

मार्च महिन्यापासून मी मागच्या बाकावर बसते. भाकरीची थाळी येते, बयाबाई घेतात, थाळी माझ्या मांडीवरून पलीकडच्या बाईकडे जाते. पहिल्यांदा थाळी गेली तेव्हा मी खाली बघत बसले. आता बघते सरळ. तरी जाते दर रविवारी. तिकडं नेणारा जीपवालासुद्धा विचारतो, बाई, एवढं काय मिळतं तिथं? गावातले म्हणतात, ना घर की ना घाट की. इकडच्यांच्या लेखी मी बाटगी आणि तिकडच्यांच्या लेखी मी मूर्तिपूजक. आणि ज्याचा नवस मी फेडला तो पुस्तक लिहून संत झाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तू लिहिलंस, "मी वडील मंडळींशी बोललो आहे. तू आईच्या तारणाची साक्ष दिलीस, तर तोच पश्चात्ताप धरतील आणि नव्या वर्षापासून तुला प्रभुभोजनात घेतील." वाईट हेतूनं लिहिलं नसशील. तुला वाटलं असेल, ताईचंही भलं होईल आणि पुस्तकाचंही. लहानपणी बोरं वाटतानाही तू असाच होतास, दोघांचं भलं करायचास आणि तुझ्या वाट्याला जास्त यायची.

पण पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तू ठळक अक्षरात छापलंस, की कृपा विकत मिळत नाही, ती फुकट आहे. मग मलाच का रे किंमत सांगतोस? आणि तीही आईची?

मला ती भाकर नको झाली असं समजू नकोस. लई हवी आहे. पण या बोलीवर मी ती घेणार नाही. मी खोटं बोलून ती तोंडात घातली तर ती गिळायची कशी, हे तुझ्या कुठल्याच प्रकरणात लिहिलेलं नाही.

समर्पणाला मी येणार आहे. हातानं शिवलेला नवा ब्लाउज घालून येणार आहे. मला उभी केलीस तर उभी राहीन. आईनं हात जोडले हे सांगेन आणि कुणापुढे जोडले तेही सांगेन. ते नको असेल तर मला उभी करू नकोस आणि ते पानही वाचू देऊ नकोस. ठरव तू. उत्तर पाठवायची गरज नाही, त्या दिवशी कळेलच.

आईनं तुला केव्हाच माफ केलं, खरं तर तिनं कधी धरलंच नव्हतं. मी केलेलं नाही. रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, एक दिवस चुकवत नाही. अजून ती मनापासून होत नाही.

तुझी बहीण,
रत्ना