बिनड्रायव्हरचा डबा

औसा, रविवार

ती. गयाआक्काला सरजाचा जय भीम.

सगळ्यात आधी टपकला तो किशनराव, मध्यस्थ. त्याच्या मागं मुदखेडचे पाव्हणे, नवऱ्या मुलाचे आईबाप, आपल्या महामायाला बघायला. (तुझे गुडघे कसे हायत? तेल चोळतीस का नुसती बाटली बघतीस?) मला कुणी सांगितलंच न्हाई! माझ्या अश्वजितनं आपल्याच लेकीला "आजीला बरं न्हाई" म्हणून लातूरहून बोलावलं. बारावीची परीक्षा महिन्यावर, शिकवणीचा एक दिवस बुडवून चालत न्हाई, आणि मी ठणठणीत, ओसरीत शेंगा फोडत बसलेली. पोरगी धावत आली, तर आजारी आजीच्या जागी पाव्हणे.

पोह्याच्या बशा फिरल्या. मुलाच्या आईनं विचारलं, "लातूरला एकटीच राहती का ग? डबा कोण घेऊन येतंय?" तुला ठावं हाय, मी रोज सकाळी भाकर-बेसन डब्यात भरून, दस्तीच्या फडक्यात बांधून येष्टीत ड्रायव्हरच्या मागं ठेवते, लातूरच्या स्टँडवर पोरगी उतरवून घेती, सांजच्या गाडीला रिकामा डबा परत. महामाया म्हणाली, "डबा एकटाच येतो. आभाळात बी जातो की." आणि आक्का, पुढं जे सांगितलं त्यानं माझ्या हातातला चहा सांडला. वर आभाळात माणसं राहतात म्हणे, लोखंडाच्या घरात. ते घर एका जागी थांबत न्हाई, दीड तासात सगळ्या पृथ्वीला एक चक्कर. त्यांचं जेवण, पाणी, कपडे घेऊन गाडी जाती, अन् गाडीत ड्रायव्हर न्हाई, कंडक्टर न्हाई, क्लीनरसुद्धा न्हाई! आपली आपण जाऊन पळत्या घराच्या दाराला चिकटती. (भूकंपात मदतीच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर होते, तरी आपलं माहेर सापडायला तीन दिवस लागले, अन् उघडला तर आत गळ्यातले टाय. दाजींनी एक बैलाला बांधला होता, आठवतंय?)

"मग रिकामे डबे?" मुलाची आई.

"परत येत न्हाईत. कचरा, मळके कपडे त्यातच भरायचे अन् गाडी सोडून द्यायची. येताना जळून जाती."

"अख्खी गाडी?"

"अख्खी."

बाईनं पदर तोंडाला लावला. "अहो, ऐकलं का? ही घरात आली तर रुखवताची भांडी जाळील!"

मी बी हादरले. (दोनच कडीचे डबे हायत माझे, बाई!) पण हसू थांबेना. तिच्या वयात माझ्या पदरात दोन लेकरं होती, अन् आभाळात कुणी राहू शकतं हे मला आज कळलं, तेबी माझ्याच नातीकडनं!

वाटलं, फिसकटलं. तर न्हाई! उठताना मुलाचा बाप म्हणाला, "पोरगी पसंत हाय. साडी घेऊनच येतो. शिकवणी तेवढी बंद करा." अश्वजितनं मान डोलावली. एवढी बोलणारी पोरगी, मान खाली घालून बशा गोळा करायला लागली.

बाकी सगळं खुशाल हाय. काळजी करू नको.

तुझी सरजा

ता. क. ही चिठ्ठी कंडक्टरच्या हाती देते. बुधवारी सकाळच्या नांदेड गाडीत डबा ठेवते, तू स्वतः नांदेडच्या स्टँडवर ये. डब्याच्या शेजारी महामाया असंल, पुस्तकांची पिशवी असंल. दोन्ही उतरवून घे. परीक्षेला लातूरला तूच घेऊन ये. अश्वजितला मी बघते.

ता. क. रिकामा डबा तेवढा परत पाठव. पोरगी नको. पाव्हणे गुरुवारी साडी घेऊन येतो म्हणून गेलेत.