हजर, आठ तास

प्रिय दानिलो,

हे पत्र नेस्तरबद्दल आहे. तुझ्या भावाचं नाव वाचून लगेच फाडू नकोस, तुला आईची शपथ. काल दुपारपासून माझं डोकं जागेवर नाही. दोन कागद लिहून चुरगाळले, हा तिसरा.

एप्रिलमध्ये मला पन्नास पूर्ण झाली. भट्टीवर दहा वर्षं काढणाऱ्याला पन्नाशीत पेन्शन मिळते, आणि माझ्या नोकरीच्या पुस्तकात तेच तर लिहिलंय: ओतारी, दोन नंबरची भट्टी. तुझ्याही पुस्तकात तेच. अकरा वर्षं आपण कागदावर ओतारी आणि मैदानात फुटबॉलर! भट्टी मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिली, फोटो काढायला नेलं होतं तेव्हा, आणि भुवया जळाल्या म्हणून किती बोंबललो होतो. पण म्हटलं, सगळेच घेतात, मी काय घोडं मारलंय? म्हणून दाखला काढायला कारखान्याच्या दफ्तरात निघालो.

वाटेत आपलं स्टेडियम लागतं. आता तिथे बाजार भरतो. माझ्या गोलच्या जागी एक बाई कोबी विकते. मी तिला म्हटलं, बाई, ही माझी जागा. तर म्हणते, ‘मग अडवा की! गिऱ्हाईकं नुसती निघून चाललीत.’ हसलो आणि पुढे निघालो. काय दिवस होते रे! जिल्ह्याच्या चिखलातून आपण देशाच्या पहिल्या विभागात पोचलो. पाळी सुटली की कामगार अंघोळ न करता थेट स्टँडवर, आणि ‘ओता, ओतारी, ओता!’ अशी आरोळी नीपर नदीच्या पलीकडे ऐकू जायची. आपले डायरेक्टर पान्क्रातोविच म्हणायचे, ‘पाइप कुणाच्या लक्षात राहतात? गोल राहतो.’ मग देश बदलला, पाइपांना गिऱ्हाईक उरलं नाही, कामगारांना पगाराऐवजी पातेली मिळायला लागली. संघाची बस विकली. आणि त्र्याण्णवच्या हिवाळ्यात सरावाला गेलो तर दाराला कुलूप! क्लब बुडाला हे आपल्याला चौकीदारानं सांगितलं. आठवड्याभरानं तू पोर्तुगालला जायच्या गोष्टी करायला लागलास, आणि गेलासही.

दफ्तरातली पोरगी पंचविशीची. तिला ना क्लब माहीत, ना मी. जुन्या मस्टरची पानं उलटता उलटता ती एकदम थबकली. ‘अगं बाई! काका, अकरा ऑक्टोबर ब्याण्णव. भट्टी फुटली त्या दिवशी तुम्ही त्याच पाळीवर होतात! हे बघा, हजर, आठ तास. आणि अंगावर ओरखडा नाही? नशीबवान आहात हो!’

दानिलो, त्या दुपारी मी कुठे होतो हे तुला सांगायला हवं का? कीवमध्ये, कपच्या सामन्यात. दोन पेनल्टी अडवल्या आणि तू कप्तान म्हणून मला खांद्यावर घेतलंस. सगळ्या गावानं टीव्हीवर पाहिलं. त्याच गठ्ठ्यात मुकादमाची वही बांधलेली होती. त्या तारखेला शिसपेन्सिलीनं लिहिलंय: ‘अर्कादी संघाबरोबर. बदली नेस्तर, सुट्टीवरून बोलावला. वेळेवर आला.’

सुट्टीवरून बोलावला! माझ्या जागी! आणि चौकशी समितीनं आपल्याला काय सांगितलं? सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन भट्टीकडे घुसला. खरं सांगितलं असतं तर खोट्या मस्टरचं बिंग फुटलं असतं, डायरेक्टर आत गेले असते, क्लब त्याच दिवशी संपला असता. म्हणून मेलेल्या माणसाला दारुडा केलं. मेलेल्यांच्या स्मृतिफलकावर सहा नावं कोरली, त्याचं सातवं वगळलं. आणि आपण शहाणे, आपण विश्वास ठेवला! ‘आमच्या विजयाच्या दिवशी यानं तोंडाला काळं फासलं,’ असं तू म्हणालास, अंत्यविधीच्या जेवणाला बसला नाहीस, आणि मी, मी मान डोलावली. स्वतःची लाज वाटते रे, शिसारी येते.

मी त्या पोरीला म्हटलं, मी तिथं नव्हतो, एक दिवसही नव्हतो. ती घाबरली. म्हणाली, ‘काका, असं लेखी दिलंत तर पेन्शन जाईल.’ लेखी दिलं. वहीच्या त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल घेतली. सोबत जोडली आहे.

तिथून तडक ओदार्का मावशीकडे गेलो. तुझी आई आता चौऱ्याऐंशीची आहे, ती बोर्श्टसाठी बीट किसत होती. मी पान वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. रडली नाही. किसणी हातात तशीच. मग म्हणाली, ‘सतरा वर्षं देवळात मेणबत्ती लावताना म्हणत आले, देवा, माझ्या दारुड्याला माफ कर.’ मला वाटलं, आता ती मला हाकलून देणार. तर तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि बस म्हणाली. मला बसवेना.

तुला फोन करू का असं मी विचारलं. ‘नको. नेस्तरचं नाव निघालं की तो फोन ठेवतो. कागद फेकला तरी घरातच पडतो, कधीतरी उचलेल.’ म्हणून हे पत्र. वर लिहिलं ते सगळं माझं, माझ्या मनाचा भार. तिचा निरोप तेवढा तिच्याच शब्दांत देतो: ‘दानिलो, तुझा भाऊ कामावर मेला. शुद्धीत होता. मी थकले आहे, मी आहे तोवर एकदा त्याला भेटायला ये.’

ज्याची पाळी नेस्तरनं केली तो,
तुझाच
अर्काशा