काळ्या पट्टीखालचं लाकूड

आई, तुझ्या मेंडोलिनवरची तारांखालची काळी प्लास्टिकची पट्टी मी काढली. तू गेल्यावर इतकी वर्षं तशीच होती, पण आता ढिली होऊन तारांसोबत झणझणायला लागली. दुर्गचा दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, फेंक दीजिए. पिक ठीक से चलाना आता है तो पिकगार्ड किसलिए?" मी ती पिशवीत टाकून भिलाईला घरी आणली. पट्टीखालचं लाकूड मधाच्या रंगाचं निघालं, बाकीचं सगळं काळवंडलेलं. मग एक तार छेडली आणि दचकलेच. आवाज केवढा मोकळा! म्हणजे लहानपणापासून जो मी तुझा म्हणून ओळखत होते, त्यात त्या प्लास्टिकचाही वाटा होता तर. तेव्हापासून मनात एकच घोळतंय, तुला हे माहीत होतं का?

मला अजून दिसतं, तू स्टेशनच्या पार्सल ऑफिसातलं काम संपवून येतेस, कुकर चढवतेस आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशेजारी स्टूलवर बसून विहारातली गाणी वाजवतेस. एकदा मेंडोलिन माझ्या मांडीवर दिलंस. माझी करंगळी आपोआप पट्टीवर टेकली, तशी तू तार छेडायची पिक बोटावर मारलीस. "करंगळी वर घे. टेकून वाजवशील तर हात आखडते."

"मग ही पट्टी कायले लावली?"

"लाकडासाठी. पिकचे ओरखडे पडतात. तुयासाठी नाही लावली."

एवढंच. पुढे मी कधी करंगळी टेकवली नाही, आणि तुझी कुठे असायची ते पाहायचं काही सुचलं नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत असे. वाजवताना तू खालचा ओठ दाताखाली धरायचीस.

म्हणून परवा बोरसीला गेले, विहारात तुझ्यासोबत वाजवणाऱ्या ढोलकवाल्या काकांकडे. पट्टीचं नाव काढताच ते सावरून बसले. "तिनं एकदा काढली होती ना! अहिवारा गावातल्या प्रोग्रॅमच्या आधी. एक दिवस प्रॅक्टिस केली अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवून आली. मी म्हटलं, कावून? मस्त तर वाजून राहिलं. तर म्हणे, बायांचा आवाज मेंडोलिनखाली दबून राहिला."

आतून काकू चहा घेऊन आल्या. "काहीही सांगतात हे. तिले करंगळी टेकवाले जागा उरली नव्हती, म्हणून बसवली. मी कोरसमध्ये तिच्या बाजूलेच बसत होती, मले दिसत नव्हतं का?"

"तू गाणं म्हणत होती का तिची बोटं पाहत होती?"

"दोन्ही!"

दोघं असे तावातावाने बोलत राहिले की चहाकडे कुणी पाहिलंच नाही. मला मात्र फार बरं वाटलं. तुझ्याबद्दल कुणी भांडावं इतकी तू अजून आहेस.

घरी येऊन पट्टी खिडकीशी धरली. सगळीकडे पिकचे बारीक ओरखडे, पण कडेला नखाएवढी एक जागा गुळगुळीत, चकचकीत. म्हणजे तू टेकवत होतीस! मग मला का रागावलीस? स्वतःचा हात आखडला होता म्हणून? की कुणी तुलाही तसंच शिकवलं होतं आणि तुला ते जमलं नव्हतं? हे विचारायला तुझ्या वेळचं, अगदी पार्सल ऑफिसातलंही, आता कुणी उरलं नाही.

रविवारी विहारात मी पट्टीशिवायच वाजवलं. पहिल्याच गाण्यानंतर काकू माझ्या कानाशी वाकल्या. "आज आमाले ओरडून म्हणावं लागलं, बाई." तर काकांचंही खरंच होतं. दोन कारणं एका बाईची असू शकतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण दुसऱ्या गाण्याला सगळ्याजणी जोर लावून गायल्या, मागे बसलेली म्हातारी माणसंही गायला लागली, आणि मी हळू वाजवायचं सोडून आणखी मोकळं वाजवलं.

आता काकू रोज फोन करून विचारतात, पट्टी कधी बसवतेस? मी सांगते, दुरुस्तीवाल्याकडे जायला वेळ नाही. वेळ आहे, आई. पण तुझ्या आवाजापेक्षा मला हा जास्त आवडलाय. हे पत्र पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहिलं. तू समोर असतीस तर मी निमूटपणे पट्टी बसवली असती.