पाठ चौथा, अक्षर ह्यांचं

११ जुलै १९७७, इस्लामपूर

हे आफ्रिकेला निघाले! जेवताना जाहीर केलं, भाकरीचा तुकडा हातात तसाच. नायजेरियात म्हणे इंग्रजीचे मास्तर पाहिजेत, शेकड्यांनी. ह्यांच्याच शाळेतला हंबीरराव गेला. तिथून मोटारीला टेकून काढलेला फोटो पाठवलाय. मोटार कुणाची, ते फोटोच्या मागे लिहिलेलं नाही.

हे मुळात ड्रिलमास्तर. गेल्या वर्षी इंग्रजीचे सर निवृत्त झाले, दुसरं कुणी मिळेना, म्हणून पाचवीचं इंग्रजी ह्यांच्या गळ्यात पडलं. तेवढ्या शिदोरीवर आफ्रिका!

मी अकरा वर्षं कन्याशाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. मला कुणी काही विचारलं नाही. मी आमटी वाढत राहिले.

१४ जुलै

ह्यांनी पेपरातली जाहिरात कात्रीने कापून पाकिटात जपून ठेवलीय. उरलेला पेपर सासूबाईंनी फळीवर अंथरला. आज डबे पुसताना बघते तर कापताना शेवटची ओळ मागे राहिलेली — 'स्त्रियांनीही अर्ज करावेत.' वर मिठाची बरणी.

बरणी परत तिथेच ठेवली.

२२ जुलै

परदेशात शिकवायचं तर आधी शिकवायचं कसं ते शिकल्याचा दाखला लागतो. टेबलावर तीन माहितीपत्रकं. घरात दुसरा विषय नाही.

हैदराबाद — नऊ महिने, तिथेच राहायचं, वर्गात मातृभाषेचा शब्द काढायचा नाही. ह्यांनी पहिली चौकशी केली ती भाकरी मिळते का याची. मिळत नाही. हैदराबाद बाद.

मिरज — लालासाहेब म्हणून एक गृहस्थ आहेत, फौजेत कारकून होते. तीन महिन्यांत 'हमखास परदेशी उच्चार'. हे एक दिवस जाऊन बसून आले. येताना नाकातून बोलत होते. सासूबाईंनी तुळशीचा काढा करून दिला!

तिसरा मुंबईचा, ओव्हरसीज टीचर्स ब्युरो. घरबसल्या, पोस्टाने. सहा पाठ, मग परीक्षकांसमोर नमुना पाठ. ह्यांना 'घरबसल्या' फार आवडलं.

हैदराबादचं पत्रक मी उचलून ठेवलं. अडुसष्ट साली मला तिथलंच बोलावणं आलं होतं. पत्र आलं तेव्हा अंगाला हळद लागली होती. वडील म्हणाले, आता ते लोक ठरवतील. त्या लोकांना कुणी पत्र दाखवलंच नाही. नऊ वर्षं झाली, तरी आज ते पत्रक हातात धरताना रडू आलं. पुरे.

३ ऑगस्ट

पोस्टाचा कोर्स ठरला. पाठ पहिला आला — 'मुलांना नवा शब्द कसा शिकवाल?' हे तासभर खिडकीबाहेर बघत बसले. मग मला म्हणाले, "आगं, तू नुसतं सांग. लिवतो मीच."

नियमच आहे, उत्तरं उमेदवाराच्या हस्ताक्षरात हवीत. तेव्हा नियम पाळला. मी कच्चं लिहून द्यायचं, ह्यांनी पक्कं उतरवायचं.

२१ ऑगस्ट

पहिला पाठ तपासून आला. तपासणाऱ्या मिसेस कापडिया, लाल शाई, बारीक तिरकं अक्षर. लिहिलंय, 'फार दिवसांनी खऱ्या शिक्षकाचं उत्तर वाचलं.' ह्यांना ती लिपी लागत नाही. मी अर्थ सांगितला तेव्हा छाती इंचभर फुगली. दुपारी चावडीपुढे चौघांना सांगून आले.

मला आनंद झाला. राग येण्याआधी आनंदच झाला, हेही लिहून ठेवते.

९ सप्टेंबर

पाठ चौथा — 'तुम्ही प्रत्यक्ष घेतलेल्या एका तासाचं वर्णन करा.' ह्यांचा पाचवीचा तास म्हणजे ओळीत उभं करून स्पेलिंगं म्हणवणं, चुकला की मैदानाला फेरी! तो कुठे लिहिणार? माझाच लिहिला. सोनारांची शालू कधी तोंड उघडायची नाही. तिच्या हातात बाजाराची पिशवी दिली, मी दुकानदारीण झाले, आणि तिने अख्ख्या वर्गासमोर इंग्रजीत वांगी मागितली. घाईत लिहून दिलं, शाळेची घंटा होत होती.

ह्यांनी संध्याकाळपर्यंत उतरवलं. वळणदार अक्षर आहे, एक शब्द गाळत नाहीत. वाचतही नाहीत.

२ ऑक्टोबर

सहावा पाठही पोस्टात पडला. ह्यांनी सुटाचं माप दिलं. सासूबाई म्हणाल्या, तिथं ऊन लय असतंय म्हणं.

२८ ऑक्टोबर

आज पत्र आलं. पाकीट ह्यांनीच फोडलं, लाल शाई बघून हसले आणि माझ्या हातात दिलं. "वाच. कवा बोलिवलंय?"

मी मनात वाचलं. चौथ्या पाठात मी लिहिलंय — मुली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'गुड मॉर्निंग, बाई.' घाईत केवढी चूक! आणि ह्यांनी ती जशीच्या तशी उतरवली.

मिसेस कापडिया पाचगणीला सोळा वर्षं शिकवत होत्या. लिहितात, 'तिकडच्या मुली मलाही बाईच म्हणायच्या. पुरुषाला कुणी तसं म्हटलेलं ऐकलं नाही. नमुना पाठ बारा नोव्हेंबरला साताऱ्यात. या गृहस्थांनी येऊ नये. बाईंना पाठवावं. त्यांच्यासाठी कोरा अर्ज सोबत आहे.'

काहीही सांगता आलं असतं. नापास म्हटलं असतं, तरी ह्यांनी मानलं असतं. पण मी एकेक वाक्य वाचून अर्थ सांगितला, एकही न गाळता.

हे म्हणाले, "ह्यी बाई कोण?"

"मी."

"फॉर्मवर नाव माझं हाय न्हवं?"

सासूबाई शेंगा फोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "आरं, तीन म्हैनं बघतिया मी. ती सांगती, तू लिवतूस. मला वाचाय येत न्हाई, पर दिसतंय की."

हे उठून शाळेच्या मैदानावर गेले. आज कुठल्याशा वर्गाला फेऱ्या पडल्या असतील.

५ नोव्हेंबर

हे अंधार पडल्यावरच मैदानावरून घरी येतात. सूट शिवून आला, खुंटीला आहे. अर्ज भरून मीच टाकला. पतीचे नाव या रकान्यात ह्यांचं नाव लिहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा, उखाण्याशिवाय.

११ नोव्हेंबर

उद्या सकाळची साताऱ्याची एसटी. बाजाराची पिशवी घेतली, तीच.

निदान इथे तरी खरं लिहावं. घाई नव्हती. घंटाही झाली नव्हती. मी आधी 'सर' लिहिलं होतं. खोडलं, आणि वर 'बाई' लिहिलं.