उकिडव्याला विचारायचे प्रश्न

७ सप्टेंबर, रविवार
गुडघे दुखले. (यापुढे नुसतं गु. दु. लिहीन. रोजचंच आहे, पानं कशाला नासवा.)

ईशानी शाळेतून आली (मी मुलाकडे आलेय, इथं आखातात रविवारी शाळा असते). माझी नात, बारा वर्षांची. दप्तर सोफ्यावर फेकलं नि म्हणते, "आजी, मला एका डेड माणसाचा इंटरव्ह्यू घ्यायचा आहे."

मी गवार मोडत होते. म्हटलं, "त्याला विचारलंस का, वेळ आहे का म्हणून?"

"आजी, सीरियसली!"

वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला फुटबॉल, कोणाला टेनिस. हिला बेसबॉल. जुन्या काळचा एक खेळाडू निवडायचा नि त्याला विचारायचे दहा प्रश्न लिहून काढायचे. उत्तरं नाहीत, नुसते प्रश्न. ते वर्गात उभं राहून वाचायचे. २१ तारखेला.

उत्तरं नको नि प्रश्नच हवेत, ही कसली शाळा. मी चौथीपर्यंत शिकले, आम्हाला उलटं होतं.

८ सप्टें., सोम.
ईशानीने मोबाइलवर तो खेळ दाखवला. एकजण फेकतो, एकजण दांडक्याने मारतो, मग दांडकं टाकून पळत सुटतो. चार कोपरे. गोल फिरून जिथून सुटला तिथंच परत येतो नि सगळे त्याला मिठ्या मारतात.

म्हटलं, "तिथंच यायचं होतं तर गेला कशाला?"

"आजी, तोच तर पॉइंट आहे!"

आमचे हे बावीस वर्षं इकडेच, इब्रीला दुकानात होते. दोन वर्षांनी एकदा घरी, दोन महिने. गोल फिरून परत. मिठ्या कोणी मारल्या नाहीत. सामान कुठं ठेवायचं एवढंच विचारायचो.

९ सप्टें., मंगळ.
खेळाडू निवडण्यावरून घरात कचेरी. महेश (माझा मुलगा) म्हणतो सगळ्यात नाव असलेला घे, मार्क मिळतील. प्राची (सून) म्हणते दारू न पिणारा घे. ईशानीने तीन फोटो छापून आणले. दोघे दांडकं घेऊन उभे, दात काढून. तिसरा जमिनीवर उकिडवा बसलेला. तोंडाला जाळी, हातात उशीएवढा मोजा.

मी म्हटलं, "हा का असा बसलाय? पोट बिघडलं?"

तो म्हणे कॅचर, पकडणारा. मागं बसून सगळे चेंडू पकडायचे. अख्खा खेळ उकिडव्यानं. वीस-वीस वर्षं.

म्हटलं, हाच घे. बाकीचे उभे राहतात, त्यात काय. आम्ही पण चुलीपुढे जन्मभर तशाच बसलो, आमचा फोटो कोणी काढला नाही.

मग ईशानीने वाचून सांगितलं. काळा माणूस. तेव्हा काळ्यांचे संघ वेगळे, गोऱ्यांचे वेगळे, मोठ्या संघात ह्यांना मज्जाव. पुढे दार उघडलं, ह्याला बोलावणं आलं. तेव्हा केस पिकलेले नि गुडघे गेलेले.

गु. दु.

१० सप्टें., बुध.
दुपारी स्वैपाकघरात होते. महेश बाहेरच्या खोलीत फोनवर, गावाला चुलतभावाशी. "आई आता इथंच राहील. पंचवीस तारखेच्या आत कागद भरतोय, कायमचा व्हिसा. घराची किल्ली तूच ठेव. हो हो, तुळशीला पाणी घाल."

मला कोणी विचारलं? आमटीत मीठ दोनदा पडलं. सगळे मुकाट्यानं जेवले. म्हणजे महेशला कळलं असणार, मी ऐकलं ते.

हे होते तेव्हा बावीस वर्षांत एकदाही मला इथं आणलं नाही. म्हणायचे, माझा फॅमिली व्हिसा नाही, खोलीत सहाजण झोपतो. खरंच असेल. आता हे नाहीत, नि मला व्हिसा.

११ सप्टें., गुरु.
ईशानी म्हणाली, "आजी, तू तो प्लेयर हो. मी प्रॅक्टिस करते." मला खुर्चीत बसवलं. हातात भांडी धरायची कापडी गादी दिली, मोजा म्हणून.

"सर, वेलकम. तुमचा फेवरिट मोमेंट कोणता?"

"जेवणाची सुट्टी."

"आजी! बरं. तुमचं इन्स्पिरेशन कोण?"

"कोणी नाही. पोट."

"यंग प्लेयर्सना तुमचा मेसेज काय?"

"सरळ बसा, गुडघे सांभाळा."

ती रडकुंडीला आली. हे वर्गात वाचलं तर टीचर मारून टाकतील म्हणे. म्हटलं, प्रश्नच फुसके तुझे. हे तू कोणालाही विचारशील. लग्नात भेटलेल्या पाहुण्याला विचारशील. ह्याला असं विचार जे फक्त ह्यालाच ठाऊक.

"म्हणजे काय?"

ते मला तरी कुठं ठाऊक. पण तोंडातून गेलं. "विचार की, इतक्या उशिरा बोलावलं, तर गेलास कशाला? नको म्हणावंसं नाही वाटलं?"

तिने लिहून घेतलं. दहावा म्हणून.

मी बराच वेळ ती गादी हातात घेऊन बसले. प्राची शोधत आली, कुकर उतरवायचा होता.

१२ सप्टें., शुक्र.
इकडच्याच सहम शहरातून गणू आला. आमच्या गावचा, तिकडे एसी दुरुस्त करतो. पिशवीभर लिंबं आणली. उकिडव्याचा फोटो पंख्यानं उडत होता म्हणून मी देवाच्या फळीवर ह्यांच्या फोटोला टेकवून ठेवलेला. गणूने चपला काढल्या, हातपाय धुतले, फळीपुढे उभा राहिला. पितृपक्ष चाललाय. दोन्ही फोटोंना हात जोडले, डोळे मिटले. उकिडव्यापुढे जरा जास्तच वेळ.

मग हळूच, "काकी, हे कोण? तुमचे सासरे काय?"

"हो. अमेरिकेत होते."

"उन्हानं रापले वाटतं."

ईशानी हसून हसून सोफ्यावरून खाली. मी खरं ते सांगितलं नाही. नमस्कार केला तो केला. त्या माणसाला इतक्या लांब कोण हात जोडणार होतं.

जाताना गणू म्हणाला, "काकी, इथंच राहा आता. तिकडे आहे कोण?"

हाही त्यातलाच.

१४ सप्टें., रवि.
आज प्रामाणिकपणे बसले. समजा महेशने विचारलंच, तर काय सांगायचं?

जायचं: घर माझं. मागची विहीर. पहाटे उठून मोठ्यानं खोकता येतं. कोणाला विचारून खिडकी उघडावी लागत नाही.

राहायचं: ईशानी. गरम पाणी. पडले तर कोणाला तरी कळेल.

जायचं तर तिथं दुसऱ्या दिवसापासून इकडची आठवण. राहायचं तर रोज बाल्कनीतून समोरच्या गच्चीवरच्या टाक्या बघत बसायचं. दोन्ही नको. दोन्ही हवं. डोकं म्हणजे ताकाचा डेरा झालाय, नि लोणी काही वर येत नाही.

चार दिवस रागावले की कोणी विचारत नाही. आता भीती वाटते कोणी विचारेल.

गु. दु.

१६ सप्टें., मंगळ.
ईशानीचे नऊ प्रश्न बदलून झाले. नववा बरा आहे: "जाळीतून तुम्हाला सगळ्यांचे चेहरे दिसायचे. तुमचा कोणाला दिसायचा का?" हा तिने स्वतः केला. मी तिला एक चिक्की जास्त दिली.

मग म्हणते, "पण आजी, मेलेला माणूस आन्सर देतच नाही. मग विचारायचं कशाला?"

म्हटलं, "देतो. शुक्रवारी बघ."

शुक्रवारी त्रयोदशी, ह्यांची तिथी.

१९ सप्टें., शुक्र.
सविस्तर लिहिते.

पहाटेपासून स्वैपाक. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, वरणभात. महेशने सोवळं नेसून पान वाढलं. बाल्कनीतून कावळ्याला टाकायचं नाही, बिल्डिंगचा नियम. वॉचमनने गच्ची उघडून दिली. केरळचा माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. एवढंच म्हणाला, "अम्मा, यल्ला, जल्दी. धूप है."

गच्चीवर एसीची यंत्रं भणभणत होती. कावळे होते, चोची उघड्या टाकून सावलीत. कठड्यावर पान ठेवलं. एक येऊन बसला. पानाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. शिवेना.

ईशानीला सांगितलं: कावळा शिवत नाही म्हणजे आजोबांच्या मनात काही राहिलंय. आपण ओळखायचं, बोलून दाखवायचं. बरोबर आलं की तो शिवतो.

तिचे डोळे एवढाले. "म्हणजे हा इंटरव्ह्यू आहे!"

महेश हात जोडून म्हणाला, "बाबा, ईशानीचं शिक्षण नीट करीन." कावळा ढिम्म. "आईची काळजी घेईन." मान तिकडे. "गावचं घर पडू देणार नाही." पंख साफ करायला लागला.

मी म्हटलं, "बांगडा नाही म्हणून रुसलात? आजच्या दिवशी मिळायचा नाही."

प्राची म्हणाली, "बाबा खुबूस खायचे ना इकडे?" धावत जाऊन तिने कालचा खुबूस, ती अरबी रोटी, आणला, तुकडा पानावर ठेवला. कावळ्याने बघितला. नाही.

घाम. डोक्यावर पदर, पदरातून ऊन. पाय भाजायला लागले. गुडघे बोलायला लागले. वॉचमन दारात उभा, त्याचेही हात जोडलेले.

तेव्हा मला वाटलं, ठाऊक आहे ह्यांना काय हवंय. दहा दिवस माझ्याच पोटात आहे ते. पुढं झाले नि म्हटलं, "मी परत जाईन. घर उघडीन."

नेमकं त्याच वेळी माझ्या बाजूने ईशानी ओरडली, "आजोबा, आजी इथंच राहील!"

नि कावळा शिवला. वडा उचलला, उडाला.

महेश माझ्याकडे बघतो. मी ईशानीकडे. ईशानी कावळ्याकडे.

शेवटी ती म्हणाली, "आजी, त्यानी कोणाचं अ‍ॅक्सेप्ट केलं?"

जळ्ळं मेलं. जिवंतपणी पण ह्यांचं असंच. घरात दोघं दोन बाजूंनी बोलत असली की "हो हो" म्हणायचे नि पान वाढून घ्यायचे.

२० सप्टें., शनि.
महेश दोनदा कालचं बोलायला तोंड उघडून नुसतं पाणी प्यायला. मी पण जास्तीची भांडी घासली.

हा "घर उघडीन" शब्द महेशने पहिल्यांदाच ऐकला. लागला असणार. त्याने किल्ली देऊन टाकली होती ना.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
ईशानी वर्गात वाचून आली. बाकी पोरांनी विचारलं, तुम्ही किती रन केल्या, कोणती गाडी होती. हिने दहावा वाचला. टीचर म्हणाल्या, हा प्रश्न तुला कसा सुचला? ही म्हणाली, "माझी आजी कॅचर आहे."

मार्क अजून दिले नाहीत.

मग माझ्याशेजारी बसून, "आजी, तो गेला ना शेवटी. मोठ्या टीममध्ये. का गेला असेल?"

म्हटलं, "गुडघे दुखत होते तरी गेला, एवढं कागदावर आहे. का गेला ते त्याचं त्याला तरी कळलं असेल का."

"मग विचारलंच नसतं तर?"

"नाही. विचारायला हवं."

२३ सप्टें., मंगळ.
महेश ऑफिसातून लवकर आला. हातात कागद. मी पलंगावर पाय वर घेऊन, गुडघ्यांना तेल. तो समोर आला नि जमिनीवर उकिडवा बसला. गुडघा कट्कन वाजला त्याचा. त्याचेही आता.

"आई, मी आधी विचारायला हवं होतं. तुला काय वाटतं?"

पंधरा दिवस घोकलं होतं. नि तोंडातून आलं ते भलतंच. म्हटलं, "ऊठ. असा बसू नकोस, सवय होईल."

"आई."

"विचारलंस ते बरं केलंस."

"पण उत्तर?"

"परवा पंचवीस ना? मग."

कागद फळीवर ठेवलाय. ह्यांचा फोटो एका बाजूला, उकिडवा दुसऱ्या. तो अजून तिथंच आहे, ईशानी काढू देत नाही.

२४ सप्टें., बुध.
गु. दु.

सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर कावळा. पक्ष संपला, बोलावलं नव्हतं. तोच असेल, काय सांगावं, सगळे सारखेच. नियम असूनही कालचा भात चिमूटभर ठेवला. म्हटलं, "तू आधी सांग, त्या दिवशी कोणाचं ऐकलंस?"

मान वाकडी करून बघितलं. भात खाल्ला. उडून गेला. कुठल्या बाजूला ते बघायला उठेपर्यंत गुडघ्यांनी वेळ लावला.