अण्णांचा गुण्या

अण्णा,

ताईच्या घरी जेवायच्या खोलीत बाक करून दिला, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी एखादं काम पुरं झालं की आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण तुम्ही आपल्या लेकीला ताई म्हणायचात म्हणून आम्हीही म्हणत आलो. आता ती जिंतूरला शाळेत शिकवते. परभणीत घर बांधलंय तिनं. खोली लहान, खुर्च्या मावत नाहीत, म्हणून दोन भिंतींना लागून कोपऱ्यात वळणारा सागवानी बाक हवा होता. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मला राग आला असता. मला सांगितलं, तर त्याचाही आला.

आपल्या येलदरी रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमधली एक सकाळ मला कधी सोडत नाही. मी उजाडल्यापासून एका फळीवर रंधा मारतोय. तुम्ही फळी उचलता, तिच्या कडेवरून नजर टाकता आणि माझ्या डोक्यावरून घराकडे हाक मारता, "ताई, जरा बघून जा गं." ती भाकरी थापायची सोडून येते, हाताला पीठ तसंच. फळीला हात लावत नाही. एक डोळा बारीक करते आणि म्हणते, "मधात पोट हाय, अण्णा. दादाकडच्या बाजूला." तुम्ही बोटानं चाचपता, आणि तिथं फुगवटा असतो. मग तुम्ही हसता. "देवानं डोळा हिला दिलाय अन् हात तुला. दोघं मिळून एक सुतार झालाव." तुमच्या दृष्टीनं ते दोघांचं कौतुक होतं. मी त्यातलं अर्धंच ऐकलं. तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो, आणि एवढी वर्षं ते अर्धंच ऐकत आलो.

मग तिचं लग्न. मामांनी भांडी दिली, आत्यानं पैठणी दिली. तुम्ही तिच्या ट्रंकेत सगळ्यात खाली, तुमच्या जुन्या सदऱ्याच्या तुकड्यात गुंडाळून, तुमचा गुण्या ठेवलात. शिसवी मुठीचा, पितळी पट्टीचा. सुताराच्या घरात काटकोन त्याच्यावर बघायचा, तो निघाला खडू धरणाऱ्या पोरीबरोबर. मी दारात उभा राहून पाहिलं. मांडवात सगळे रडत होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणी विचारलं नाही.

बाकाचं माप घ्यायला गेलो तेव्हा ताई म्हणाली, "दादा, बसायला जरा रुंद ठेव."

"तू शाळा शिकीव. लाकडाचं मी बघतो."

तिचे मालक हसले. "बहीण-भावाच्या मधात मी न्हाई पडत बुवा," म्हणाले आणि चहा आणायला गेले.

तुम्ही असतात तर आधी टेप काढलाच नसतात. तुम्ही घरातल्या माणसाला विटांवर बसवायचात, पुढ्यात ताट द्यायचात, रोजच्यासारखं जेव म्हणायचात, आणि तो दोन घास खाईपर्यंत नुसते बघत राहायचात. भिंतीचं माप त्यानंतर. हे मला येत नव्हतं असं नाही. पण ताईनं रुंद म्हटलं होतं, म्हणून मी अरुंद केला. खरं सांगायचं तर तेवढंच कारण. उंची अठरा इंच, रुंदी सोळा, शहरातल्या दुकानात असते तशी. सांधे मात्र तुमच्यासारखेच केले, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, कुठं खिळा नाही. बारा दिवस लागले.

वास्तुशांतीच्या दिवशी ताईच्या सासूबाईंना पहिल्यांदा बसवलं. म्हातारीनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घालायला लागली. एक गुडघा कोपऱ्यातल्या भिंतीला, दुसरा बाकाच्या कडेबाहेर अधांतरी. त्या घरात सगळेच मांडी घालून जेवतात. आपल्याकडं दुसरं कोण कसं जेवतं, अण्णा? म्हातारीनं सरकून बघितलं, तिरकं होऊन बघितलं आणि मग ती मोठ्यानं म्हणाली, "अगं मास्तरीणबाई, तुह्या भावानं जेवायला बसवलंय का एसटीत? तिकीट कुठं काढू?"

सगळी पंगत हसली. ताई हसली नाही. तिनं एक डोळा बारीक करून बाकाकडं बघितलं आणि सासूबाईंसाठी खाली पाट मांडला. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आठ इंच रुंदी वाढवायला गेलो. पुढचे पाय काढून फळी जोडायची होती. ताईनं कपाटातून गुंडाळी काढली, तोच सदऱ्याचा तुकडा. "अण्णांचा हाय. यानंच धर." सव्वीस वर्षांनी तो माझ्या हातात आला. मी आखायला घेतलं, तर रेघ माझ्या रोजच्या लोखंडी गुण्याशी जुळेना. मला वाटलं, माझ्याच गुण्याचा कोन गेला असेल. पण बाकाचा पाय उभा करून बघितला तर माझाच खरा निघाला. ताईची पाठ वळल्यावर माझ्याच गुण्यानं काम केलं. संध्याकाळी म्हातारी मांडी घालून बसली, भाकरी खाल्ली, वर ठेचा मागितला आणि म्हणाली, "आता कसं जेवल्यावानी वाटलं." मी हत्यारं पिशवीत भरली. पितळी गुण्याही भरला.

घरी येऊन फळीवर त्यानं रेघ मारली, तो उलटा धरून त्याच जागी दुसरी मारली. दोन्ही एकच यायला हव्यात. शेवटाला तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली. मग आठवलं, ताईच्या लग्नाच्या आदल्या वर्षी हा दगडी पायरीवर पडला होता, आणि त्यानंतर तुम्ही तो कामाला घेतलाच नाही. बाजारातून लोखंडी आणून माझ्या हातात दिलात. म्हणजे कामाचा मला दिलात आणि तिला दिलात तो बाद झालेला. सव्वीस वर्षं मी ज्याच्यावर जळलो, त्यानं साधी चौकट आखता आली नसती.

हे कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. शिसवी मुठीला तुमच्या अंगठ्यानं खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. लोखंडी गुण्याला तुम्ही दुकानातून आणला तेवढाच हात लावला होता.

खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडली, हळद-कुंकू वाहिलं. तो मधोमध ठेवला. त्याच दुपारी ताईचा फोन आला. "दादा, अण्णांचा गुण्या तुझ्या पिशवीत राहिला का रे?"

"न्हाई गं," मी म्हणालो. "बघतो."

हत्यारांपुढं दिवा जळत होता आणि मी हे बोललो. त्यानंतरचे दोन शनिवार मारुतीला गेलो, तेल घातलं आणि बोलायचं ते न बोलता परत आलो. ताईनं पुन्हा विचारलं तर देऊन टाकीन, असं ठरवलंय. पण फोन वाजला की तिचा नसावा असं वाटतं. पंख्यानं हा कागद उडू नये म्हणून वर गुण्याच ठेवलाय. पट्टीवरचं कुंकू अजून पुसलेलं नाही.