शर्ट गेले त्या देशाला

३ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. लिहिता मला येत नाही, पण सूनबाईने फोनमध्ये सोय करून दिली आहे. लाल ठिपका दाबायचा, बोलायचं, तो लिहून घेतो. तारीखही तोच घालतो. मला वाचताही येत नाही, त्यामुळे इतकी गुप्त रोजनिशी जगात दुसरी नसेल. माझी मलाच कळणार नाही.
संकल्प: यंदा परदेश. चौघी मिळून. गेल्या वर्षीही असंच ठरवलं होतं, पण तेव्हा रोजनिशी नव्हती.

३ जानेवारी, दुपारी
चौघी म्हणजे शर्टाच्या कारखान्यातल्या एका लाइनच्या. एक कॉलर लावायची, एक बाही जोडायची, मी काजं करायची, चौथी इस्त्री करून खोक्यात भरायची. नावं कुणी घेत नसे. कॉलरवाली, बाहीवाली, काजवाली, इस्त्रीवाली. अख्खा शर्ट आमच्यातल्या एकीनेही जन्मात शिवला नाही. आणि शर्ट झाडून सगळे परदेशात. जेवणाच्या सुट्टीत ठरलं होतं की एक दिवस आपणही जायचं आणि आपला शर्ट घातलेला माणूस शोधून काढायचा. माझं काज मी रस्त्याच्या पलीकडून ओळखेन.
सूनबाई म्हणाली, आई, ते शर्ट आता फरशी पुसायलाही उरले नसतील. तिने आयुष्यभर तयार कपडे घातले. शिवण म्हणजे काय, ते तिला काय ठाऊक.

९ जानेवारी
तिघींना सांगून झालं. बाहीवाली दुसऱ्या शहरात मुलाकडे असते, तिला फोन. म्हणाली, बघू गं. तिचं ‘बघू’ म्हणजे ‘हो’च. लग्नालाही ती ‘बघू’च म्हणाली होती.
इस्त्रीवालीला फोन. ती बराच वेळ हसली. आनंदाने.
कॉलरवाली दोन गल्ल्या पलीकडे, लेकीकडे राहते. तिच्याकडे मी स्वतः गेले. ऐकून टाळ्याच वाजवल्या बाईने. तिघींत खरी हौशी तीच.

१९ जानेवारी
कामं वाटून दिली. लाइनप्रमाणे, कारण त्याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही. पहिली कॉलरवाली. ती चौकातल्या टूरवाल्याकडे चौघींची नावं देणार, त्याचे कागद घेऊन बाहीवालीला पाठवणार. बाहीवालीचा मुलगा ते भरणार. मग माझ्याकडे. मी सगळं तपासणार. (वाचता येत नसलं म्हणून काय झालं? नजर असावी लागते.) शेवटी इस्त्रीवाली बॅगांचं बघणार.
नियम जुनाच. मागच्या मशिनवरचं बंडल हातात आल्याशिवाय आपलं काम सुरू करायचं नाही, आणि मागचीला ‘कुठवर आलं’ म्हणून विचारायचं नाही. कारखान्यात मागे वळून पाहिलं की सुपरवायझर अंगावर यायचा. या वेळी सुपरवायझर मी. पण मी शांत स्वभावाची आहे.

२ फेब्रुवारी
मी बंडलाची वाट न पाहता माझ्या पासपोर्टच्या मागे लागले. सुपरवायझरला नियम लागू नसतात.
चिरंजीवाने अर्धी रजा टाकून ऑफिसात नेलं. तिथे काचेवर अंगठा ठेवायचा. ठेवला. यंत्राला अंगठाच सापडेना. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला, दुसरा ठेवला. खिडकीतली पोरगी म्हणाली, आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत. म्हटलं, बाळ, परदेशातल्या लोकांच्या शर्टांवर गेल्या त्या. आता त्याच बघायला चालले आहे.
ती हसली नाही. मागे रांग होती. शेवटी करंगळी चालली. म्हणजे सरकारदरबारी मी करंगळीएवढी.

१४ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प: कुणाला स्वतःहून फोन करायचा नाही. सदान्‌कदा मीच का? गरज असेल तर करतील.

१४ फेब्रुवारी, सकाळीच
बाहीवालीला फोन लागला. चुकून बोट पडलं. ती म्हणाली, बंडल अजून आलं नाही गं. म्हटलं, येईल. शिस्तीची आहे हो बाहीवाली. मागचीला एका शब्दाने विचारलेलं नाही.

२७ फेब्रुवारी
कॉलरवालीकडे गेले. परदेशाचा विषय काढला तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखी उडाली. अगबाई, खरंच? चौघी? कधी? पुन्हा टाळ्या. याला म्हणतात उत्साह! नाहीतर आमची सूनबाई. विषय काढला की तिला नेमका फोन येतो.
टूरवाल्याकडे गेलीस का, असं नियमात बसत नसूनही विचारलं. म्हणाली, आजच जाते. चप्पल शोधायलाही लागली.
निघताना लेक दाराशी आली. मावशी, आईला फार सांगत जाऊ नका हो, मग ती दिवसभर कपाट उपसत बसते. मी ओळखलं. आई परदेशात गेली की घरचं कोण बघणार, ही काळजी. लेकीही हल्ली सुनांसारख्या झाल्यात.

१५ मार्च
पासपोर्ट आला. फोटोत मी चोरून आणलेल्या सामानासारखी दिसते. चिरंजीव म्हणाला, सगळ्यांचाच असा येतो. तो ऑफिसला निघाला, सूनबाई त्याच्या आधीच गेलेली. मग पासपोर्ट घेऊन खिडकीत बसले. समोरच्या इमारतीत एक बाई झाडांना पाणी घालत होती, तिला हात वर करून दाखवला. तिला वाटलं, मी टाटा करते आहे. तिनेही केला. आत निघून गेली.
आमच्या घरात सकाळी सगळे गेले की मग लिफ्टचाच काय तो आवाज. ती आमच्या मजल्यावर थांबत नाही.
म्हणूनच जायचं आहे. चौघी एका खोलीत. दिवसभर कुणी ना कुणी बोलत राहील. शर्ट न का सापडेना.
हे शेवटचं पुसता येतं का, ते सूनबाईला विचारायला हवं. पण मग तिला वाचायला द्यावं लागेल. राहू दे.

६ एप्रिल
बंडल नाही. इस्त्रीवाली म्हणाली, बॅग माळ्यावरून खाली काढली आहे. मग म्हणाली, म्हणजे काढली नाही, काढायची म्हणते आहे. प्रगती आहे.

२३ एप्रिल
कॉलरवालीला पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आनंद. खरं म्हणजे आजचा जास्तच. मला म्हणाली, आणि ती काजवाली येणार ना गं? तिच्याशिवाय मजा नाही.
फार थट्टेखोर. तोंडावर एक रेघ हलू दिली नाही. मीही तशाच चेहऱ्याने म्हटलं, येणार तर. तुझ्याआधी तयार होऊन बसली आहे.
येताना रस्त्यात एकटीच हसले. मग हसणं थांबलं. ऊन फार होतं.

१० मे
स्वतः टूरवाल्याकडे गेले. फक्त जाता जाता.
त्याच्याकडे आमची नावं नाहीत. कॉलरवाली तिथे कधी आलीच नाही. म्हटलं, नीट बघा, चौघी आहोत. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मी नीट बघितलं. त्या ग्रुपमध्ये आता एकच जागा उरली आहे, तीही एका रिटायर्ड शिक्षिकेच्या खोलीत.
चार महिने आम्ही तिघी शिस्तीत बसून होतो, आणि बंडल पहिल्या मशिनवरून हललंच नव्हतं.

१० मे, संध्याकाळी
बाहीवालीला फोन केला. मुद्दाम केला. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, खरं सांगू? रोज मनात यायचं, आज बंडल येईल आणि आपल्याला नाही म्हणावं लागेल. नाही आलं की बरं वाटायचं. आता मला फाटकापर्यंत चालवत नाही गं.
इस्त्रीवाली म्हणाली, अगं, मला वाटलं तू गंमत करतेस. पण करत राहा. तुझा फोन येतो ते बरं वाटतं.
म्हटलं, मी गंमत करणारी वाटते का तुला? तर म्हणाली, हो.

११ मे
कॉलरवालीला झापायला गेले. दार लेकीने उघडलं. जिन्यातच मला म्हणाली, मावशी, आईचं सगळं विसरत चाललंय. गेल्या वर्षापासून डॉक्टर चालू आहेत. बाकी दोघींना मी फोनवर सांगितलं होतं. तुम्हाला वेगळं काय सांगायचं? सगळ्यात जास्त तुम्हीच येता, तुमच्या लक्षात आलंच असेल.
म्हटलं, हो. आलं होतं.
आत गेले. झापलं नाही. कॉलरवालीने विचारलं, काय गं, काही विशेष? म्हटलं, काही नाही. आज टाळ्या वाजल्या नाहीत.

१६ मे
निर्णय. एकटी जाणार. ती उरलेली जागा घेतली. चिरंजीव आढेवेढे घेईल म्हणून भांडणाची सगळी तयारी करून बसले होते. तो म्हणाला, जा ना आई, खरंच जा. सगळी तयारी वाया गेली.

२८ मे
शिक्षिकेशी फोनवर बोलणं झालं. पहाटे उठते, फिरायला जाते, सकाळी कुणाशी बोलत नाही. मला म्हणाली, आपण एकमेकींना अजिबात त्रास द्यायचा नाही, चालेल ना? म्हटलं, चालेल. गुणी बाई आहे. छान जमणार आमचं.

४ जून
सगळ्यांचा निरोप घेतला. वॉचमन, किराणावाला, औषधांच्या दुकानातला, समोरची झाडंवाली. तिला खास जिने उतरून, रस्ता ओलांडून सांगितलं. तिला मी कोण ते कळलं नाही, पण शुभेच्छा दिल्या.
कॉलरवालीलाही सांगितलं. ती गप्प ऐकत होती. लक्षात थोडंच राहणार आहे, म्हणून सगळं सांगितलं. एकटी जाते, हेसुद्धा.

८ जून, सकाळी
आज निघायचं. बॅग दाराशी. मन अगदी शांत.

८ जून, दुपारी
नाही गेले. कारण अगदी साधं आहे. वॉशिंग मशीनवाला आज येणार होता. दोघं कामावर जाणार, घरात कुणीतरी नको का? चिरंजीव म्हणाला, आई, त्याला दुसऱ्या दिवशी बोलावता येतं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजत होता. म्हटलं, ही माणसं पुन्हा येत नाहीत. तो खाली जाऊन टॅक्सीवाल्याला परत पाठवून आला. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
मशीनवाला आला नाही.

१० जून
नवी अडचण. सगळ्यांचा निरोप घेऊन झालाय, आता खाली कुठल्या तोंडाने जाणार? म्हणून परदेशात असल्यासारखी घरातच आहे. बेल वाजली तर उघडत नाही. खिडकीत जायचं तर पडद्याआडून. झाडंवालीने नवी कुंडी आणली आहे, तेवढं दिसलं. एकूण परदेश शांत आहे. भाषेचा काहीच प्रश्न येत नाही, कुणाशी बोलायचंच नसतं.

१३ जून
आज राहवलं नाही. मागच्या गल्लीने कॉलरवालीकडे गेले. लेक दारातच म्हणाली, मावशी, तुम्ही इथे कशा? म्हटलं, वॉशिंग मशीन. तिने पुढे विचारलं नाही.
कॉलरवाली पलंगावर बसली होती. मला पाहून म्हणाली, आलीस का परदेशातून?
एरवी सकाळचा चहा तिला आठवत नाही. म्हटलं, अगं, मी गेलेच नाही. तर म्हणाली, खोटं नको बोलूस. एकटी गेलीस. आपलं चौघींचं ठरलं होतं, मला विचारलंसुद्धा नाहीस.
किती सांगितलं. लेकीनेही सांगितलं. पटेना. शेवटी म्हटलं, चुकलं बाई माझं, पुन्हा तुला सोडून जाणार नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.
लेक हळूच म्हणाली, थांबा मावशी, पाच मिनिटांत विसरेल.
थांबले. चहा झाला. लेकीने कपडे वाळत घातले, वाळलेले आणून घड्या केल्या. मी त्यातल्या निम्म्या केल्या. बाहेर दिवे लागले.
नाही विसरली.